मदत हवी आहे: आशाताईंना मधुमेहाच्या जोखमीचे गुण ऑनलाइन शिकवताना

नमस्कार मंडळी. मी धानोरा तालुक्यातल्या (गडचिरोली) बारा आशाताईंना दर गुरुवारी मोबाईलवर शिकवते. विषय आहे भारतीय मधुमेह जोखीम गुणांक. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा हा २००५ चा तक्ता. वय, कंबर, अंगमेहनत आणि आईवडिलांचा मधुमेह, एवढ्यावर १०० पैकी गुण. रक्त काढावं लागत नाही. ६० किंवा जास्त आले की जोखीम मोठी, साखर तपासायला पाठवायचं.

गुगल शीटमध्ये मी बेरीज आपोआप होईल असं केलं. आणि तिथेच घोळ झाला. ताईंकडे शिंप्याची टेप, तिच्यावर इंच ठळक. ५२ वर्षांची एक बाई, शेतात राबणारी, आईला मधुमेह. कंबर ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. गुण व्हायला हवे होते वयाचे ३०, कंबरेचे २०, आईच्या मधुमेहाचे १० आणि अंगमेहनत असल्याने तिचा शून्य, बरोबर ६०. शीटमध्ये नुसते ३६ भरले, कंबरेचा शून्य धरला गेला आणि ती ४० वर थांबली. मला रात्रभर झोप लागली नाही.

ओडीके कलेक्ट या माहिती भरायच्या मोबाईल ॲपमध्ये फॉर्म नेटशिवाय भरता येतो, चुकीचा आकडा अडवताही येतो. इंच घेऊन सेंटिमीटर करणारा मराठी फॉर्म कुणी बनवलाय का? आणि रेंज जाते तिथे टेप कुठे धरायची, हे कसं दाखवता? लुगड्यावरूनच मोजतात बऱ्याचजणी. पुढच्या गुरुवारच्या आत सांगाल तर फार बरं होईल.