मदत हवी आहे: टीजीएफ-बीटा दिला तर सेल्स वाढायच्याच कमी झाल्या, मग कॅन्सर आक्रमक झाला असं कसं दाखवू?

नमस्कार मंडळी, एमएस्सीचं डिझर्टेशन चालूय, सेल कल्चरवाले कोणी असतील तर प्लीज सांगा. ए-५४९ (फुप्फुसाच्या कॅन्सरच्या) सेल्सना टीजीएफ-बीटा-१ (सेल्सना सिग्नल देणारं ग्रोथ फॅक्टर प्रोटीन) देतोय, ५ नॅनोग्रॅम पर एमएल, सीरम अगदी कमी ठेवून. ४८ तासांनी बघितलं तर फरशीसारख्या चिकटून बसलेल्या सेल्स लांबट होऊन सुट्ट्या झाल्यात, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते बघायची टेस्ट) ई-कॅडहेरिन (सेल्सना एकमेकींना चिकटवणारं प्रोटीन) उतरलंय, व्हायमेंटिन (हलत्या सेल्समधलं प्रोटीन) चढलंय, म्हणजे ईएमटी (चिकटून बसणाऱ्या सेल्स सुट्ट्या, हलत्या होणं) झालंय. पण एमटीटीचं (जिवंत सेल्सचा अंदाज देणारी रंगाची टेस्ट) रीडिंग कंट्रोलपेक्षा कमी! गाईड म्हणतात ग्रोथ फॅक्टर दिलायस ना, मग ग्रोथ कुठंय, परत कर.

मी वाचलं त्याप्रमाणे एपिथेलियल सेल्समध्ये टीजीएफ-बीटा स्मॅड प्रोटीन्समार्फत (त्याचा सिग्नल आत पोचवणारी) पी-१५, पी-२१ (विभाजनाला ब्रेक लावणारी प्रोटीन्स) वाढवतो आणि सेल जी-१ मध्येच (विभाजनाच्या तयारीचा पहिला टप्पा) अडकते, म्हणजे सुरुवातीला तो ट्यूमरला आवरच घालतो. कॅन्सर पुढे सरकला की हा आवर सुटतो (स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर जवळपास निम्म्या केसेसमध्ये स्मॅड-४ च गेलेलं असतं) आणि मग तोच टीजीएफ-बीटा सेल्सना हलायला लावतो, वर टी सेल्सना (कॅन्सरशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) गप्प करतो. पण माझ्या प्लेटमध्ये वाढही कमी आणि ईएमटी पण, दोन्ही एकदम, हे बरोबर आहे का? आणि ट्रान्सवेल (बारीक छिद्रांच्या पडद्यातून किती सेल्स खाली उतरतात ते मोजायची टेस्ट) लावली तर मुळात सेल्सच कमी असताना खाली उतरलेल्यांचा आकडा कसा धरायचा? मायटोमायसिन-सी (विभाजन थांबवणारं औषध) घालू का? उंदरांचं बजेट नाही हे आधीच सांगतो.

प्रतिसाद:
बरोबर आहे, परत करत बसू नकोस. वाढणं आणि पसरणं ही वेगळी कामं आहेत, ए-५४९ मध्ये केरॅस (वाढीचा सिग्नल देणारं जीन) आधीच बिघडलेलं असतं, त्याची साथ मिळाली की टीजीएफ-बीटा ईएमटीकडे जास्त ढकलतो. एमटीटी तशी मेटाबॉलिझम मोजते, म्हणून ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या सेल्समध्ये शिरणारा रंग) सेल्स मोजून घे. आधी ट्रीट कर, मग ट्रिप्सिनने उचलून कंट्रोल आणि ट्रीटेड दोन्हीकडून सारख्याच जिवंत सेल्स मॅट्रिजेलवर (ट्रान्सवेलच्या पडद्यावरचा जेलचा थर) टाक आणि २४ तासात संपव, मायटोमायसिनची भानगड नको. एका सेटला एसबी-४३१५४२ (टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर अडवणारं औषध) दे, रिसेप्टर बंद केल्यावर इन्व्हेजन (जेल भेदून पलीकडे जाणं) खाली आलं की गाईडपण गप्प. आणि थिसिसमध्ये इन्व्हेजन वाढलं एवढंच लिही रे, उंदराशिवाय मेटास्टॅसिसवर (कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरणं) गेलास तर व्हायव्हात सोलतील.