९० किमीवरचं सोडियम पुण्यातून लेसरने मोजता येईल का?

पर्वतीपायथा: एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्टसाठी विचारतोय. उल्का जळतात त्यातनं सुटलेले सोडियम, लोखंड, पोटॅशियमचे अणू साधारण ८० ते १०५ किमीच्या पट्ट्यात असतात हे वाचलं. डिसेंबरात जेमिनिड्स उल्कावर्षावाच्या आधी आणि नंतर सोडियम मोजून वाढ दाखवावी असं डोक्यात आहे. पण तिथं हवा इतकी विरळ, मग लेसर परत येतो कशावरून? हवेतली धूळ मोजणाऱ्या लायडारने (लेसर सोडून परत आलेल्या प्रकाशावरून मोजणारं यंत्र) जमेल का?

पाषाणकर: नाही जमणार. धुळीला कुठलाही रंग चालतो, अणूला त्याचाच लागतो. सोडियमला ५८९ नॅनोमीटर, म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा. लेसर बरोबर त्यावर ट्यून केला की अणू तो प्रकाश गिळून लगेच परत सोडतो, आणि हा प्रतिसाद हवेच्या साध्या विखुरण्यापेक्षा इतका प्रचंड असतो की घन सेंमीत काही हजार अणू असले तरी टेलिस्कोपला फोटॉन मिळतात. ९० किमीवरून परत यायला ०.६ मिलिसेकंद, त्या वेळेवरून उंची काढायची. लोखंडाला ३७२ नॅनोमीटर, पोटॅशियमला ७७०. इंग्लंडमध्ये १९६९ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं.

रात्रीचा_राजा: मित्रा, जेमिनिड्सचा प्लॅन सोड असं मनापासून सांगतो. मोठ्या उल्कावर्षावाने एकूण थर फारसा वाढत नाही, माल येतो तो वर्षभर पडणाऱ्या बारीक धुळीतून. एखाद्या उल्केची शेपटी बीममधून गेली तर थोडा वेळ आलेखात टोक दिसतं, बस. थर हलतो तो ऋतूनुसार, आपल्यापेक्षा उत्तरेच्या अक्षांशांवर हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, कारण खाली ओझोन वगैरेशी रिअॅक्शन होऊन सोडियम संयुगात अडकतं आणि तापमानावर ते बदलतं.

पर्वतीपायथा: अरे बापरे. मग मोजून करतात काय?

पाषाणकर: तापमान! अणू गरम असले की त्यांची रेषा (ते गिळतात तो रंगाचा अरुंद पट्टा) रुंद होते, वारा असला की सरकते. लेसर रेषेच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना फिरवून इकोंचं (परत आलेल्या प्रकाशाचं) गुणोत्तर घेतलं की दोन्ही निघतं. तिथं बलून पोचत नाही (४० किमीच्या आसपास थकतो), उपग्रह टिकत नाही, रॉकेट काही मिनिटांत खाली. त्यामुळे रात्रभर सलग बघायला हे धातूच कामाचे. म्हणून मला हा विषय फार भारी वाटतो.

रात्रीचा_राजा: आपल्याकडे तिरुपतीजवळ गादंकीला एनएआरएल या वातावरण संशोधन प्रयोगशाळेत सोडियम लायडार चालवलाय, त्यांचे पेपर वाच. नवा लायडार उभा करणं एमएस्सीच्या आवाक्यातलं नाही. जुना डेटा मागून थरातल्या लाटांचं विश्लेषण कर, आणि जून ते सप्टेंबरच्या रात्री धरू नकोस, ढगातून काही वर जात नाही.