घडीच्या चाकूचा बोल्स्टर : पितळ, जर्मन सिल्व्हर की स्टेनलेस?

रविवारचा_लोहार
नमस्कार मंडळी. कुपवाडला लेथवर नोकरी, घर तासगावच्या बाजूला. रविवारी घरामागच्या पत्र्याच्या खोपटात घडीचे चाकू करतो. धंदा नाही, नाद. आजवर सहा झाले. त्यातले दोन नीट उघडतात-मिटतात.

पहिला जमलेला चाकू आबांना दिला. कार्बन स्टीलचं पातं, बाभळीची मूठ, मुठीच्या तोंडाशी पितळेचा बोल्स्टर (पात्याच्या बुडाशी बसणारा धातूचा तुकडा) आणि पातं ज्यावर फिरतं ती पिनही पितळेचीच. पिन त्याच धातूची घेतली की ठोकून, घासून झाल्यावर दिसेनाशी होते. खरंच सापडेना! आबा खुश. द्राक्षबागेची गेली गोडी छाटणी आणि नंतरची खरड छाटणी चाकू त्यांच्या बंडीच्या खिशात होता. पाऊस लागला तसा तो गोठ्यातल्या खुंटीला गेला. दसऱ्याला हत्यारं पुजायला काढली तर पिनेचं डोकं तुटून पडलेलं, आणि बोल्स्टरला भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर. कुणी आपटला नाही, वाकवला नाही. आबा म्हणाले, "तुझ्या पितळेत दम न्हाई."

आता दुसरा करायचाय. ॲल्युमिनियमचे तुकडे फुकट मिळतात, कापायलाही सोपे. घेऊ का? आबांना मात्र पिवळंच पाहिजे.

जुना_फिटर
ॲल्युमिनियमचं नाव काढू नका. आबा बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, कालवतात ना? शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आणि चुना पुरेसा पडला का हे बघायला चाकूचं पातं त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी. म्हणजे तुमचा चाकू मोकळ्या मोरचुदात जाणारच. त्यातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की तिथं खड्डे पडायला लागतात. एका हंगामात बोल्स्टर देवी आल्यासारखा दिसेल.

स्टेनलेस घ्या. ३०४ ही जात बाजारात कुठंही मिळेल, पण ड्रिल नुसतं घासत ठेवलंत तर भोकाचा तळ कडक होतो आणि मग ड्रिल जळतं. फेरे कमी, दाब जास्त, तेल भरपूर. ३०३ मध्ये गंधक असतं म्हणून ते सुरेख कापलं जातं. ४१६ पण तसंच, फक्त गंजाला ३०४ एवढं टिकत नाही. पिन मऊ केलेलीच घ्या, नाहीतर डोकं पसरण्याऐवजी फाटेल.

मिरजेची_तार
स्टेनलेस चांगलंच, पण हातात धरलं की दवाखान्यातलं हत्यार वाटतं. जर्मन सिल्व्हरचा विचार करा. नावात चांदी, आत चांदीचा कणही नाही: तांबं, निकेल आणि जस्त. नेहमीच्या एका जातीत ६५ टक्के तांबं, १८ टक्के निकेल, बाकी जस्त. रंग किंचित उबदार, घासलं की छान उतरतं, आणि पितळेसारखा हाताला वास मारत नाही.

आमच्याकडं सतारीचे पडदे पितळेचे नाहीतर याचेच असतात. मिरजेचे सतारमेकर मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, तेव्हा हा धातू चाकूकडं गेला तर घरी परत आल्यासारखंच. एक सांभाळा, पट्टी आणि पिनेची सळई एकाच जातीची घ्या. निकेल कमीजास्त झालं की पॉलिशनंतर पिनेचा ठिपका वेगळा दिसतो. मी हे दोनदा केलंय.

रविवारचा_लोहार
फिटरकाका, बोर्डोचं बरोबर. आबा पातंच बुडवतात, सळई शोधायला कोण जातंय! पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. पितळ आपोआप चिरलं कसं? आमच्या आजीचा अडकित्ता पितळेचाच आहे. सुपारी फोडून फोडून पात्याला धार राहिली नाही, पण पितळेला एक चीर नाही.

धातूशास्त्र_शिकवायचो
अडकित्ता गोठ्यात टांगलेला नव्हता, हा फरक.

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या सैन्याला हाच त्रास होता. पावसाळ्यात लढाया थंडावायच्या, काडतुसं तबेल्यात ठेवायचे, आणि पाऊस संपला की त्यांची पितळेची कवचं चिरलेली निघायची. कारण १९२१ मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. काडतूस ओढून घडवताना पितळेत ताण अडकून राहतो. अमोनिया आणि ओल मिळाली की त्या ताणाच्या जागी चीर धावते. ताण नुसता असून काही होत नाही, नुसत्या अमोनियानं चीर जात नाही, दोन्ही एकत्र लागतात.

तुमच्या चाकूत ताण तुम्हीच भरलात. पिन ठोकली, ती भोकात फुगली, तिनं बोल्स्टर आतून बाहेर ढकलला. म्हणून चीर भोकापासून कडेकडं गेली. गाई-म्हशींनी बाकीचं केलं. खुंटीशेजारी युरियाचं फाटकं पोतं होतं का? ओल्या युरियातूनही अमोनियाच सुटतो.

पितळेचा ताण साधारण अडीचशे-तीनशे अंशाला तासभर ठेवून काढता येतो, पण पिन ठोकल्यावर तो मार्ग बंद: पात्याचं पाणी उतरेल, बाभूळ करपेल. जस्त जितकं जास्त तितका धोका. जर्मन सिल्व्हर पितळेपेक्षा बरं, पण जस्त त्यातही आहे, तेव्हा गोठ्यासाठी मी त्याची हमी घेणार नाही.

मिरजेची_तार
सर, हे मला आजच कळलं. माझा चाकू देवघराच्या फडताळात असतो, म्हणून वाचला म्हणायचा.

रविवारचा_लोहार
पोतं होतं. युरियाचंच, आणि फाटकंच.

आबांना काडतुसांची गोष्ट वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग म्हशीला दोष दे, मला नको." खुंटी सोडायला तयार नाहीत. गेली तीस वर्षं त्यांचं हत्यार तिथंच असतं.

तेव्हा बोल्स्टर ३०४ चा, पिनही ३०४ ची, मऊ केलेली. भोक बाहेरच्या तोंडाला किंचित निमुळतं रुंद करून पिन बेताबेतानं ठोकणार. पिवळ्याचा हट्ट होता, तर मुठीच्या मधोमध पितळेचं एक बारीक फूल नुसतं चिकटवून बसवतोय. ठोकाठोकी नाही, ताण नाही, आणि गळून पडलंच तर चाकू चालूच राहील. काल ३०४ ला पहिलं भोक पाडलं. तीन ड्रिल गेली. फिटरकाका, तेल भरपूर म्हणजे नेमकं किती?