गच्चीवरचं मेम्ब्रेन फुगतंय, पाऊस नसताना स्लॅब ठिबकतोय. परत मेम्ब्रेन मारायचं का? (महापे)

गाळा_मॅनेजर

महापे एमआयडीसीत तळमजला अधिक दोन अशी इमारत, गच्ची साधारण 11,000 चौरस फूट. वरच्या मजल्यावर ऑफिस, दिवसभर एसी चालू. गच्चीचे थर खालून वर असे: आरसीसी स्लॅब, विटांच्या तुकड्यांचा कोबा, चायना मोझॅक, त्यावर 4 मिमी एपीपी मेम्ब्रेन (गॅस टॉर्चने तापवून चिकटवायची डांबरी वॉटरप्रूफिंग शीट) आणि अॅल्युमिनियम पेंट. मेम्ब्रेन दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपल्यासंपल्या मारलंय.

आता मार्च चालू आहे, पावसाचा थेंब नाही. तरी दुपारी मेम्ब्रेनला ताटाएवढे फुगे येतात आणि सकाळी बसतात. संध्याकाळी उशिरा दोन-तीन ठिकाणी फॉल्स सीलिंगवर पाणी ठिबकतं. सगळे मिळून 100 मिमीचे सहा रेनवॉटर पाईप आहेत. ठेकेदार म्हणतो, फुगे कापून वरून आणखी एक थर मारू, पाच वर्षांची गॅरंटी देतो. मॅनेजमेंटला जूनच्या आधी निकाल लावायचाय. दुसरा थर मारावा का? आणि पाणी नक्की कुठे आहे हे कसं शोधायचं?

स्लॅब_सळई

दुसरा थर अजिबात मारू नका. पाणी वरून येत नाहीये, ते आधीच आत कोंडलेलं आहे. दुसरं मेम्ब्रेन म्हणजे उकळत्या भांड्यावर आणखी एक झाकण.

सकाळी बसणारा आणि दुपारी फुगणारा फुगा म्हणजे खाली पाण्याची वाफ. 30 अंशांना बंद जागेतल्या वाफेचा दाब जेवढा असतो, त्याच्या जवळजवळ पाचपट तो 60 अंशांना होतो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीचं मेम्ब्रेन 60 अंश सहज गाठतं. वरून वाट बंद, म्हणून हा दाब ओल खाली स्लॅबच्या भेगांत ढकलतो. कोबा आणि स्लॅब तापून उष्णता खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे ठिबक दुपारी न होता संध्याकाळी दिसते. खाली एसीने गार ठेवलेला स्लॅब असल्यामुळे वाफेचं तिथेच पाणी होतं.

कोब्यात किती पाणी मावतं याचा अंदाज घ्या. सरासरी 110 मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास. त्यात वजनाच्या 10 टक्के ओलावा असेल तर चौरस मीटरला 20 लिटर. तुमची गच्ची 1,000 चौरस मीटरच्या वर आहे, म्हणजे 10,000 लिटरचे दोन टँकर पाणी वर बसलेलं असू शकतं. ऑक्टोबरमध्ये वरून कोरडा दिसणारा कोबा आतून भिजलेलाच असतो. पावसाळा संपल्यासंपल्या त्यावर टॉर्च फिरवला की ते पाणी कायमचं कोंडलं.

आता शोधायचं कसं. आधी हातोडीने गच्ची ठोकून घ्या, जिथे बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा. पण ठोकून फक्त पोकळी कळते, पाणी नाही.

थर्मल कॅमेऱ्याचा माणूस बोलावणार असाल तर त्याला आधीच सांगा की वर अॅल्युमिनियम पेंट आहे. चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट दाखवत नाही, त्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं आणि अख्खी गच्ची खोटी गार येते. पेंट काळवंडला असेल तर थोडंफार कळेल. वेळ निवडायची ती दिवसभर कडक ऊन पडल्यावर, सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी, वारा पडलेला असताना आणि गच्ची पूर्ण कोरडी असताना. ओला भाग उशिरा निवतो म्हणून तो आजूबाजूपेक्षा गरम दिसतो. खालून बघताना नेमकं उलट, फॉल्स सीलिंगच्या टाइल्स काढून स्लॅबचा तळ बघितला तर ओला भाग गार दिसतो.

हातात धरायच्या मॉइश्चर मीटरला मेम्ब्रेनवर टेकवून आलेल्या आकड्यावर विसंबू नका, धातूच्या रंगावर तो काहीही दाखवतो. प्लास्टिक चिकटवायची टेस्टही इथे निरुपयोगी, कारण मेम्ब्रेन स्वतःच प्लास्टिकसारखं ओल अडवतं. ती उघड्या स्लॅबसाठी राखून ठेवा: 45 सेमी चौकोनी पारदर्शक पॉलिथिन, चारही कडा टेपने बंद, किमान 16 तास, आणि मग आतून दव आहे का बघायचं.

खरा निकाल उघडूनच लागतो. 30 × 30 सेमीचे चौकोन थेट स्लॅबपर्यंत उघडा. काही बद्द वाजणाऱ्या जागी, काही सरळ चांगल्या दिसणाऱ्या जागी आणि एक तरी पाईपच्या तोंडाजवळ. कोअर मशीन वापरू नका, त्याच्या पाण्याने नमुना भिजतो. छिन्नी-हातोडीने कोरडं फोडा, तुकडे लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वजन करा, मग लॅबमध्ये 105 अंशांना 24 तास सुकवून परत वजन. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन. 3-4 टक्के असेल तर सोडून द्या, 8 च्या वर असेल तर तो भाग भिजलेला धरा. मधल्या आकड्यांना शेजारचा चौकोन बघून ठरवा. उघडलेली जागा त्याच दिवशी बंद करायची.

डक्ट_आणि_चिलर

वरचं सगळं बरोबर, पण खोदायच्या आधी दहा मिनिटांचं एक काम करा. ठिबकणारं पाणी स्वच्छ बाटलीत धरा आणि पीएच पट्टी बुडवा. सिमेंटमधून झिरपून आलेलं पाणी 10 च्या वर जातं, पट्टी निळी-जांभळी होते. एसीच्या ट्रेचं किंवा डक्टवर जमलेलं दवाचं पाणी 7 च्या आसपास राहतं. स्लॅबच्या तळाला पांढरे शेंडे लोंबत असतील तर पट्टीचीही गरज नाही, पाणी काँक्रीटमधूनच येतंय.

पट्टी 7 दाखवत असेल तर गच्चीला हात लावू नका. डक्टचं इन्सुलेशन फाटलंय का, ड्रेन पाईपला उलटा उतार आहे का, ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असते तेव्हा 26 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत बाहेरची हवा शिरत असेल तर गार डक्ट न थांबता गळतो आणि दोष गच्चीच्या माथी येतो.

गाळा_मॅनेजर

पट्टी 11 च्या पुढे गेली. वजनाचे आकडेही आले: दक्षिणेची पॅरापेटकडची बाजू 11 टक्के, मधला पट्टा 9, जिन्याच्या केबिनजवळ 3, उत्तरेचा कोपरा 4. दक्षिणेला स्लॅबवर अक्षरशः पाणी साचलेलं होतं, खड्डा केल्यावर बाजूने भरत गेलं. सोलरच्या स्टँडचे बोल्ट याच बाजूला मेम्ब्रेनमधून आरपार ठोकलेत.

ठेकेदार आता म्हणतो, ब्रीदर व्हेंट (मेम्ब्रेनमधून वाफ बाहेर सोडणाऱ्या छोट्या नळ्या) बसवू, पाणी आपोआप उडून जाईल. आणि एक शंका: खालून स्लॅबला ड्रिल मारून पाणी काढता येईल का?

कोबा_ते_कोटिंग (ठाणे)

व्हेंटने दाब कमी होईल, फुगे थांबतील. पाणी उडणार नाही. पत्र्याच्या डेकवर सलग इन्सुलेशन असतं तिथे 90-100 चौरस मीटरला एक व्हेंट हा हिशोब चालतो, कारण वाफेला आडवं सरकायला जागा असते. विटांच्या कोब्यात प्रत्येक तुकड्याभोवती मॉर्टर आहे, वाफ फार लांबून येत नाही. त्यातून जूनपर्यंत हातात अडीच महिने. 11 टक्केवाल्या भागाला व्हेंट म्हणजे निव्वळ खर्च. 4 टक्केवाल्या उत्तर कोपऱ्यात एखादा लावलात तर हरकत नाही.

ड्रिलचं काम आणीबाणीपुरतं चालतं: जिथे पाणी साचलंय त्याच्या बरोबर खाली, 10-12 मिमीचं भोक, आधी रिबार लोकेटरने सळया शोधून, स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी घेऊन. बीमच्या आसपास नाही, आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या केबल असलेला) असेल तर अजिबात नाही. फोडकाम सुरू करायच्या आधी तुंबलेलं पाणी उतरवायला हे बरं पडतं. भोकं नंतर नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या घोळाने) भरायची.

दक्षिण बाजू आणि मधला पट्टा कोब्यासकट काढा. जिना आणि उत्तर कोपरा तसाच ठेवा. आता काम कसं करायचं ते सांगतो, कारण यातल्या दोन-तीन जागी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ राडारोड्याचा. वावरायच्या गच्चीचा लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वरचं वजन) 150 किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो. सुटा मलबा एक फूट उंच रचला की चौरस मीटरला 400 किलोच्या वर जातो, आणि तो न फोडलेल्या कोब्यावर रचला तर खालचं वजन वेगळंच. गोण्या भरून रोज चूटने खाली उतरवा. मोठा ब्रेकर नको, स्लॅबला हादरे बसतात. छोटा चिपिंग हॅमर, आणि शेवटचा इंचभर छिन्नीने.

दुसरा घोळ जुन्या-नव्याच्या सांध्याचा, आणि याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. ओल्या भागाची हद्द जिथे संपते त्याच्या 30 सेमी पुढे कोरड्यात जाऊन कापा. राहिलेल्या जुन्या कोब्याची जी उभी कड उघडी पडते, तिला पॉलिमर मॉर्टर मारून गुळगुळीत करा, स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (मॉर्टरची गोलाई) घ्या आणि कोटिंग त्या कडेवरून वरपर्यंत चढवून जुन्या मेम्ब्रेनखाली 100 मिमी घाला. हे केलं नाही तर उत्तरेकडची उरलीसुरली ओल पहिल्याच पावसाळ्यात नव्या भागाखाली सरकेल.

स्लॅब उघडल्यावर भेगा 10 × 10 मिमी व्ही-कट करून पॉलिमर मॉर्टरने भरा. हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळ, जाळीदार जागा) दिसला तिथे नोझल बसवून 0.45 ते 0.5 पाणी-सिमेंट प्रमाणाचं ग्राउट. गंजलेली सळई असेल तर गंज पूर्ण घासून झिंक प्रायमर, मगच मॉर्टर.

कोटिंग कुठलं? पीयू (पॉलियुरेथेन) मारायला स्लॅबचा ओलावा 5 टक्क्यांखाली हवा, आणि दोन वर्षं पाण्यात बसलेला स्लॅब मे महिन्यापर्यंत तिथे येईलच असं नाही. म्हणून दोन घटकांचं सिमेंट-अॅक्रिलिक कोटिंग घ्या, ते ओलसर पण पाणी न साचलेल्या स्लॅबवर चिकटतं. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, मिळून चौरस मीटरला 1.5 ते 2 किलो. कोपऱ्यात आणि पाईपभोवती मध्ये फायबर मेश. पॅरापेटवर 300 मिमी चढवा. मग बांध घालून 50 मिमी पाणी 72 तास भरून ठेवा आणि खालून बघत राहा. या टेस्टच्या आधी कोब्याची एक वीटही वर चढू देऊ नका.

नवा कोबा सरासरी 120 मिमी, पाईपच्या तोंडाशी किमान 65 मिमी, उतार 1:100. विटा आधी पाण्यात भिजवून, सांधे 1:5 मॉर्टरने भरून, वर 20 मिमी 1:4 वॉटरप्रूफ मॉर्टर, 300 मिमीचे चौकोन मारून. पाईपचं तोंड थेट स्लॅबच्या पातळीला उतरवा आणि त्याला कोब्याच्या जाडीत बाजूने भोकं ठेवा, म्हणजे कोब्यात मुरलेलं पाणी कोटिंगवरून वाहत पाईपात पडेल. बहुतेक गच्च्यांत तोंड वरच्या फिनिशला असतं आणि मुरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाटच नसते.

वर चायना मोझॅक, आणि बस. परत एपीपी नाही. उष्णता कमी करायची असेल तर वाफ सोडणारं पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग, तेही कोबा सुकल्यावर. क्युरिंगला दोन आठवडे पाणी भरून ठेवायचं असतं, आणि तेच पाणी नंतर बाहेर पडायला हवं.

सोलर स्टँडचे बोल्ट काढून स्टँड काँक्रीटच्या पेडेस्टलवर घ्या, पेडेस्टल कोटिंगच्या वर बसवा, त्यातून आरपार काही जाऊ देऊ नका. पेडेस्टल आणि वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरकडून तपासून घ्या, स्टँड उडायला नको.

पाईपही कमी आहेत. तासाला 100 मिमी पाऊस धरला तर 100 मिमीचा एक पाईप साधारण 40-45 चौरस मीटरला पुरतो. तुमचे सहा पाईप 250 चौरस मीटरचे. निदान दक्षिण बाजूला तरी 150 मिमीचे वाढवा, आता फोडताय तोवर सोपं आहे.

पत्रा_शेड

वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या शेडला हीच पद्धत लागू होते का? पत्र्याखाली ग्लास वूल आहे आणि खाली ठिबकतं.

डक्ट_आणि_चिलर

नाही. पत्र्याचं आधी बघा पहाटे ठिबकतं की पावसात. कोरड्या दिवसांत पहाटे ठिबकत असेल तर ते दव आहे: ग्लास वूलचं फॉइल फाटलंय किंवा सांध्यांना टेप नाही, आतली दमट हवा थेट गार पत्र्याला लागते. पावसात ठिबकत असेल तर स्क्रूचे ईपीडीएम (रबरी) वॉशर आणि पत्र्यांचे आडवे लॅप (एकावर एक चढलेले सांधे) तपासा, लॅपमध्ये ब्युटाइल टेप नसेल तर वाऱ्याने पाणी वर चढतं. भिजलेला ग्लास वूल सुकवून परत वापरू नका, तो दबलेला असतो. काढून टाका.

स्लॅब_सळई

मॅनेजरसाहेब, अॅडव्हान्स सोडायच्या आधी वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या: उघडलेल्या स्लॅबचे फोटो, 72 तासांच्या टेस्टच्या आधी आणि नंतर पाण्याची पातळी, कोटिंगच्या बादल्यांची संख्या विरुद्ध क्षेत्रफळ. 600 चौरस मीटरला 1.5 किलोने 900 किलो माल लागतो. 400 किलोच्या बादल्या दिसल्या तर गॅरंटीचा कागद कितीही वर्षांचा असो, उपयोग नाही.

बाजूला केमिकल कंपनी असेल तर उत्तर कोपऱ्याच्या दुरुस्तीलाही टॉर्च पेटवू नका, हॉट वर्क परमिट (आगीच्या कामाची परवानगी) लागेल. तिथे सेल्फ-अॅडहेसिव्ह पट्टी वापरा. आणि मधला पट्टा मेमध्ये पूर्ण होणार नसेल तर तो यंदा उघडूच नका. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो, त्याआधी सरी पडतातच. यंदा फक्त दक्षिण बाजू पुरी करा. मधल्या पट्ट्यावरचे फुटलेले फुगे नुसते पॅच करून ठेवा, आणि तो भाग नोव्हेंबरनंतर घ्या.