‘द चेंजलिंग’मधील वेड्यांचे इस्पितळ: जोडलेले ठिगळ की नाटकाचा गाभा?

वाचनवेडी

सतराव्या शतकातील इंग्रज नाटककार थॉमस मिडलटन आणि विल्यम रोली यांनी मिळून लिहिलेली ‘द चेंजलिंग’ ही शोकांतिका नुकतीच वाचून संपवली. स्पेनमधील आलिकांते येथील किल्लेदाराची मुलगी बिआट्रिस-जोआना हिचा विवाह अलोन्झोशी ठरलेला असताना ती अल्सेमेरोच्या प्रेमात पडते, आणि ज्याचे तोंडही पाहवत नाही अशा दे फ्लोरेस या वडिलांच्या सेवकाकडून अलोन्झोचा खून करवते. हे कथानक मला शेवटपर्यंत सोडवत नव्हते. मात्र मध्येच येणारे अलिबियसचे वेड्यांचे इस्पितळ, त्याची तरुण पत्नी इझाबेला आणि तिच्यासाठी वेडाचे सोंग घेऊन आत शिरलेले दोघे प्रेमिक हा भाग मला परका वाटला. हा भाग वगळला तर नाटकाचे काय बिघडेल? दुसरी शंका अशी की शेवटी बिआट्रिस दे फ्लोरेसवर खरोखर प्रेम करू लागते का?

जुना प्रेक्षक

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातूनच निघते. तिसऱ्या अंकातील खुनानंतरच्या भेटीचा प्रवेश पुन्हा वाचावा. दे फ्लोरेस अंगठीसकट अलोन्झोचे कापलेले बोट घेऊन येतो, कारण अंगठी बोटातून निघत नव्हती. बिआट्रिस ती अंगठी त्यालाच देऊ करते, मग तीन हजार सोन्याचे फ्लोरिन पुढे करते आणि ही रक्कमही नाकारली गेल्यावर गोंधळून जाते. तिच्या समजुतीप्रमाणे हा एक व्यवहार होता, दाम चुकते केले की संपणारा. तिच्या निरागसपणाचा मला धसका वाटतो, कारण माणूस मारवून घेतल्यावरही आपली अब्रू जशीच्या तशी उरली आहे असे तिला मनापासून वाटते. आता आपण दोघे एकाच पापाने बांधलेले आहोत आणि तिचे कूळ तिला वाचवू शकत नाही, हे त्याला तिला समजावून सांगावे लागते.

पाचव्या अंकात, स्वतः लावलेल्या आगीच्या आड तो लग्नाच्या पहिल्या रात्री तिच्या जागी गेलेली तिची दासी डायफँटा हिचा काटा काढतो, तेव्हा आपल्या अब्रूची इतकी काळजी घेणाऱ्यावर आता प्रेम करणे भागच आहे, अशा अर्थाचे उद्गार तिच्या तोंडून निघतात. याला प्रेम म्हणावे की अवलंबित्व, हे नाटककारांनी मोकळे ठेवले आहे. माझे मत अवलंबित्वाकडे झुकते; पण ‘भागच आहे’ म्हणणारी बाई खोटे बोलत नसते, एवढेही मान्य करावे लागते.

पडद्याआड

वरील विवेचन पटले, तरी इस्पितळाबद्दल थोडे भांडतो. रोलीने हे उपकथानक लिहिले आणि नाटकाचा पहिला व शेवटचा प्रवेशही त्याचाच, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. तेव्हा हे ठिगळ कुणीतरी नंतर जोडले असे समजू नये. इझाबेलाही बिआट्रिससारखीच कोंडलेली आहे, तिच्याभोवतीही घिरट्या आहेत, आणि लोलिओ हा पहारेकरी तिचे गुपित कळताच दे फ्लोरेसप्रमाणेच आपला वाटा मागतो. ती मात्र देत नाही. एकदा ती स्वतः वेडीचा वेश घेऊन अँटोनिओसमोर येते, आणि तिच्या प्रेमाखातर मूर्ख बनलेला हा तरुण तिला ओळखत तर नाहीच, उलट झिडकारतो. किल्ल्यातही प्रेमिकांची नजर याच्यापेक्षा खोल जात नाही. आपण कुणाशी लग्न केले हे अल्सेमेरोला अखेरीस कळते, तेही संशय बळावल्यावर.

शीर्षकाचाही विचार करावा. त्या काळात ‘चेंजलिंग’ म्हणजे पऱ्यांनी बदलून ठेवलेले मूल, मंदबुद्धीचा माणूस आणि चंचल मनाची व्यक्ती. पात्रयादीत हे विशेषण मिळते अँटोनिओला, पण ते बसते बिआट्रिसला.

जुना प्रेक्षक

लोलिओचा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. त्यात एक भर घालतो. हे नाटक ७ मे १६२२ रोजी प्रयोगासाठी मंजूर झाले, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत फ्रान्सिस हॉवर्ड ही उमराव घराण्यातील स्त्री लंडनच्या टॉवरमधील कैदेतून सुटली होती. अर्ल ऑफ एसेक्सशी झालेला तिचा विवाह १६१३ मध्ये रद्द ठरला. त्यासाठी तिच्या कौमार्याची तपासणी झाली, आणि तपासणीच्या वेळी बुरख्याआड दुसरीच स्त्री होती अशी कुजबूज पसरली. पुढे टॉमस ओव्हरबरी या दरबारी माणसावरील विषप्रयोगाबद्दल तिला दोषी ठरवले गेले, पण राजा जेम्सने माफी दिली. नाटकातील कौमार्यपरीक्षेचे ते औषध, ज्याने जांभई, शिंक, हसू आणि उदासी क्रमाने यावी, आणि पहिल्या रात्री नवरीच्या जागी पाठवलेली दासी, हे पाहताना लंडनच्या प्रेक्षकाला ती कुजबूज आठवली नसेल असे मानणे कठीण आहे.

वाचनवेडी

दोघांचेही आभार. आता शेवटचा प्रवेश पुन्हा वाचला. बिआट्रिस वडिलांना सांगते की मी तुमच्या प्रकृतीसाठी काढून टाकलेले रक्त आहे, त्याच्याकडे पाहू नका, गटारात वाहून जाऊ द्या. इस्पितळातले दोघे मात्र खुनाच्या संशयातून फाशीच्या दाराशी जाऊन परतलेले, तिथेच जिवंत उभे असतात. पहिल्या वाचनात मी या दोघांकडे पाहिलेच नव्हते.