मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपी

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे (बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी, राज्य कौन्सिलची नोंदणी चालू). अकोले तालुक्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर गुरुवारी तीन तास विनामूल्य ओपीडी घ्यायची इच्छा आहे. पक्षाघाताचे रुग्ण, भातलावणीनंतर कंबर धरलेल्या बाया, गुडघेदुखीची म्हातारी माणसं, सगळ्यांना संगमनेर गाठावं लागतं. पक्षाघातात पहिले ३ महिने सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेव्हाच लोक दोन फेऱ्यांनंतर जाणं सोडतात. बघवत नाही.

वैद्यकीय अधिकारी तोंडी तयार आहेत, एक खोलीही रिकामी आहे. तालुका पातळीवर अर्ज दिला. पोच आहे, उत्तर नाही. विचारायला गेले तर "पदच मंजूर नाही" एवढंच ऐकलं. मला पद नको, मानधन नको. महागडी यंत्रंही नकोत. खाट, चटई, थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे) माझ्याकडे आहेत, चालण्याच्या सरावासाठी समांतर दांड्या तेवढ्या हव्यात.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात केंद्रावर ज्येष्ठांसाठी साप्ताहिक क्लिनिकची तरतूद आहेच, त्याला हे जोडावं असं माझ्या मनात आहे.

तुमच्यापैकी कुणी असं प्रत्यक्ष सुरू केलंय का? केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा ठराव पुरतो, की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतंच? आणि दांड्यांचा खर्च ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून बसवता येतो का?