कन्व्हर्टर जायच्या आधी घरीच टेस्ट करता येतो का?

भटकभवानी: अमेरिकेला जायचंय, तिकडे 120 वोल्ट म्हणून 120 चे 230 करणारा कन्व्हर्टर घेतलाय. तिकडे जाऊन बंद निघाला तर बोंब, म्हणून आधी घरच्या 230 च्या प्लगला लावून बघू का? हेअर ड्रायर, लॅपटॉप आणि फोन न्यायचाय.

अर्धा_वायरमन: अहो थांबा!! 120 च्या बाजूला 230 दिलेत तर पलीकडून 440 च्या आसपास निघतील, तेही फ्यूज उडाला नाही तर. आधी वास येईल मग धूर. टेस्ट करायचीच तर कुणाकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यातून 120 काढून तुमच्या डब्याला द्या, मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) एसी व्होल्टच्या सेटिंगवर ठेवून आउटपुट बघा, मग एक साधा बल्ब लावून अर्धा तास सोडा, डबा किती तापतो ते कळेल. नुसतं रीडिंग बरोबर आलं म्हणजे झालं असं नाही, लोड टाकल्यावरच खरं काय ते समजतं.

चहा_नंतर_बोलू: आधी चार्जर वाचा की. इनपुट 100-240 असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर पुरे.

भटकभवानी: टॉर्च मारून वाचलं, लॅपटॉप-फोन दोन्हीवर 100-240 आहे 😅 ड्रायरवर फक्त 230, 1200 वॉट. आणि कन्व्हर्टरवर 200 वॉट लिहिलंय.

अर्धा_वायरमन: मग टेस्ट कसली करताय, 200 च्या डब्यावर 1200 चा ड्रायर?? डबा परत करा, ड्रायर घरी ठेवा.